सोयाबीनचे दिवस आणि नारिंगी दिवा

परवा भंवरकुआंच्या सिग्नलला उभी होते. मागचे हॉर्न वाजवत होते, पुढून कोचिंगची मुलं घोळक्याने रस्ता ओलांडत होती, आणि डॅशबोर्डवर तो नारिंगी दिवा पुन्हा लागला. छोटीशी चौकट, तिच्यात चार ठिपके. ऑक्टोबरचं ऊन आणि हा दिवा, दोन्ही एकत्र मी पहिल्यांदा पाहिली ती गेल्या वर्षी. त्या दिवशी माझे वडील, नाना, माझ्या चुकीमुळे गाडीत जळून गेले असते. हे असं सरळ लिहून टाकते, कारण वर्षभर मी ते आडवळणाने सांगत आले आहे.

ऑक्टोबरात इंदूर सोडून पंधरा-वीस किलोमीटर बाहेर पडलं की सोयाबीनचा वास सुरू होतो. तो काही छान वास नव्हे. धुळीचा, थोडा कडवट, कच्च्या डाळीसारखा. शेतं पिवळी पडून मग तपकिरी होतात, पानं गळतात, नुसत्या शेंगा उरतात आणि वारा आला की खुळखुळतात. मळणीयंत्रं दिवसभर धडधडतात. रस्त्याच्या एका अंगाला दाणे वाळत घातलेले, दुसऱ्या अंगाला भुसकट. मानेवर, मनगटावर ते बारीक भुसकट बसतं आणि घरी येऊन आंघोळ केली तरी खाज जात नाही.

हे दिवस खरं म्हणजे नानांचे. शेतकी खात्यात त्यांची हयात गेली. माळव्यात सोयाबीन नवं होतं तेव्हा गावोगाव जाऊन ते पेरा म्हणून लोकांच्या मागे लागणं हेच त्यांचं काम. शेतकरी हसायचे. "साब, ये पीला दाना न दाल में चले, न रोटी में. खाएगा कौन?" नाना भाजलेल्या सोयाबीनचा डबा उघडून पुढे करायचे. डबा आईने भरलेला. आमच्या घरात त्या काळात सोयाबीनची चकली झाली, दूध झालं, एकदा बर्फीही झाली. आम्ही भावंडांनी हे सगळं सोसलं. सुट्टीच्या दिवशी नाना मला खात्याच्या जीपमधून बरोबर न्यायचे. त्या जीपला दारंच नव्हती, नुसती एक साखळी अडकवलेली असायची. ड्रायव्हर, मध्ये नाना, कडेला मी, कारण मला वारा हवा असायचा. खड्डा आला की नानांचा हात माझ्या पोटासमोर आडवा यायचा. बोलणं चालू, लक्ष शेताकडे, पण हात बरोबर वेळेवर.

आमच्या आताच्या गाडीला पाच दारं आहेत आणि प्रत्येक दाराला स्वतःची अक्कल आहे.

ही गाडी घेतली शिरीषने, म्हणजे माझ्या नवऱ्याने. तो पुण्याचा, पीथमपूरला कारखान्यात नोकरीला. इंदूरच्या मराठी घरांत एक चूक हमखास होते, ती आम्हीही केली. वर्षातून दोनदा पुण्याला जायचं, दिवाळीला आणि मे महिन्यात. तेवढ्यासाठी मोठी डिझेल गाडी घ्यायची आणि उरलेले साडेतीनशे दिवस ती स्नेहलतागंजमधल्या आपल्या घरापासून कामापर्यंत, पाच-सहा किलोमीटर, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रखडवायची. शोरूममधला मुलगा म्हणाला होता, "मैडम, दिखने में जीप, चलाने में कार." शिरीष यावरच खूश झाला. मी खूश झाले ती सीटच्या उंचीवर. नाना आता आमच्याकडेच राहतात आणि त्यांचे दोन्ही गुडघे गेलेले. बुटक्या गाडीत त्यांना खाली कोसळावं लागे आणि उतरताना दोघांनी ओढावं लागे. या गाडीत ते सरळ टेकून बसत आणि पाय बाहेर काढून सरळ उभे राहत. म्हाताऱ्या माणसांसाठी गाडी बघायला जाणाऱ्यांना मी अजूनही हेच सांगते की इंजिनाचं नंतर विचारा, आधी त्यांना न्या आणि तीनदा बसवून उठवून बघा.

गाडीबरोबर जाडजूड पुस्तिका आली होती. पूजेच्या दिवशी तिच्यावर हळदकुंकू वाहिलं आणि प्लॅस्टिकचं वेष्टणही न काढता ती समोरच्या कप्प्यात गेली. मी भौतिकशास्त्र शिकवते. पोरांना रोज ओरडते, प्रश्न नीट वाचा, अर्धे गुण वाचण्यातच आहेत. स्वतःच्या गाडीचं एक पान मी वाचलं नव्हतं.

तर गेल्या ऑक्टोबरात दिवा लागला. शिरीष पुण्याला गेला होता. मी मालवा मिलकडच्या सलीमभाईंकडे गाडी नेली. ते आमच्या जुन्या स्कूटरपासूनचे मिस्त्री.

"मैडम, खराबी कुछ नहीं है," ते म्हणाले. "धुएँ के रास्ते में जाली है, कालिख पकड़ती है. आप शहर में ही चलाती हो, तो भर गई. अब गाड़ी उसको खुद जलाएगी. हायवे पे ले जाओ, बीस-पच्चीस मिनट एक सरीखी चलाओ, बत्ती बुझ जाएगी. बस, बीच में रुकना मत."

म्हणजे जाळीतली काजळी जाळण्यासाठी गाडी धुराची नळी भट्टीसारखी तापवते. हे मला एका वाक्यात कळलं, आणि कळलं म्हणूनच मी बेफिकीर झाले. शेवटचं वाक्य मी ऐकलं, पण मनावर घेतलं नाही.

नानांना म्हटलं, चला, गाडीला पळवून आणू. ते लगेच तयार झाले. टोपी घातली, जुनी छत्री घेतली, उन्हाला.

उज्जैन रोडला लागलो. मी ताशी सत्तरवर काटा धरून ठेवला होता. नाना मागे डाव्या बाजूला बसून बोलत होते. हा तुकडा कापायला उशीर झाला, शेंगा तडकतील. त्या तिकडे बघ, तण. मला दिव्याशिवाय काही दिसत नव्हतं. पंधरा मिनिटं झाली, विझला नव्हता. सांवेरच्या अलीकडे एक गावरस्ता उजवीकडे वळतो, तिथे मळणी चालू होती, धुळीचा लोट उठला होता.

"अनू, थांब जरा. मला उतरून दाणा बघायचाय."

"पाच मिनिटं नाना, आत्ता नाही."

"पाच मिनिटांनी शेत मागे राहील."

हे त्यांनी ज्या सुरात म्हटलं त्यावर माझा इलाज नसतो. मी वळले. रस्ता अरुंद, कडेला जाडसर भुसकट पसरलेलं. गाडी उंच आहे, तिचं पोट लागत नाही, ही माझी घमेंड. मी दोन्ही डावी चाकं भुसकटावर घालून उभी केली. इंजिन बंद केलं नाही. मनात म्हटलं, चालू ठेवलं म्हणजे ते जाळण्याचं कामही चालू राहील आणि नानांना थंड हवाही मिळेल. स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं. तेवढ्यात फोन वाजला. आमच्या क्लासच्या संचालकांचा, दिवाळीआधीच्या परीक्षेचं काही. तिथे आवाज तुटत होता. "नाना, बसा, दोन मिनिटांत येते आणि उतरवते," असं सांगून मी दार लावलं आणि बोलत बोलत रस्त्यावरच्या पुढच्या मोरीच्या कठड्यापर्यंत गेले. सत्तर-ऐंशी पावलं असतील.

इथे मला थांबून दाराबद्दल सांगायला हवं.

त्या श्रावणात नानांनी चालत्या गाडीचं दार दोनदा उघडलं होतं. एकदा राजवाड्याजवळ, गाडी हळू होती म्हणून निभावलं. दुसऱ्यांदा याच भंवरकुआंच्या सिग्नलला. हिरवा लागला, मी क्लच सोडला आणि मागून नाना म्हणाले, "आलं ऑफिस," आणि दार उघडलं. एक मोटारसायकलवाला इतक्या जवळून गेला की त्याच्या पिशवीचा पट्टा दाराला घासला. तो पुढे थांबून शिव्या देऊन गेला. ते विसरायला लागले होते. सोयाबीनच्या साऱ्या जाती त्यांना पाठ, पण आज नोकरी आहे की नाही हे मधूनच हरवायचं.

मागच्या दारांच्या कडेला एक छोटी खाच असते. तिच्यात किल्ली घालून फिरवली की ते दार आतून उघडत नाही, फक्त बाहेरून उघडतं. मुलांसाठी केलेली सोय. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली जाऊन दोन्ही दारांची ती खाच फिरवली. शिरीषला सांगितलं, भाचरं येतात म्हणून. नानांना काहीच सांगितलं नाही. त्यानंतर त्यांना प्रत्येक वेळी मीच दार उघडून द्यायची, आणि ते म्हणायचे, "वा, काय मान आहे!" मी हसायची. खरं सांगणं मला जमत नव्हतं. ज्यांच्या हाताने मला जीपमध्ये धरून ठेवलं त्यांना तोंडावर कसं सांगायचं, नाना, तुमच्या हातावर आता माझा भरवसा नाही?

मोरीवर मी फोनवर बोलत होते आणि मागून बाईची आरोळी आली.

"ओ बेनजी! गाड़ी का नीचे धुंवो निकली रियो हे!"

मी वळून बघितलं. गाडीच्या मधल्या भागाखालून पांढरा धूर येत होता. फार नाही. चुलीत ओलं लाकूड घातल्यावर येतो तितकाच. पण मला क्षणात सगळं समजलं. तापलेली नळी, तिच्याखाली वाळलेलं भुसकट, आणि वर नाना. मी धावत सुटले. चप्पल निघाली, तशीच धावले. ती बाई, गीताबाई तिचं नाव, नंतर कळलं, मागच्या दाराची मूठ दोन्ही हातांनी ओढत होती. गाडीने वेग घेतला की दारांना आपोआप कुलूप लागतं, आणि आपण आपलं दार उघडून उतरलो तरी बाकीच्यांचं तसंच राहतं. हेही मला तिथेच समजलं. काचेच्या आत नाना दिसत होते. छत्रीवर दोन्ही हात ठेवून, ताठ बसलेले. ओरडत नव्हते. काच वाजवत नव्हते.

"बाबूजी अंदर है! खोलो जल्दी! और गाड़ी हटाओ, मेरा ढेर है!"

दहा पावलांवर तिच्या सोयाबीनची रास होती, कमरेएवढी उंच. मळणीयंत्रावरची माणसं धावत येत होती. आता खालून धुराबरोबर पिवळी जीभ दिसली. मी पुढचं दार उघडलं, कुलपाचं बटण दाबलं, वळसा घालून आले, मागचं दार उघडलं. गुडघे. ते गुडघे! उंच सीट, सरळ उतरणं, ते सगळं ठीक, पण घाईला ते गुडघे तयार नव्हते. मी त्यांच्या काखेत हात घातले आणि ओढलं. आम्ही दोघं भुसकटात पडलो. पायाला धग लागली. गीताबाईने आणि आणखी एका बाईने नानांना खांद्याला धरून फरफटत लांब नेलं. मी पुन्हा गाडीत शिरले. शिरायला नको होतं, हे मी आता प्रत्येकाला सांगते. पण रास दिसत होती आणि इंजिन चालू होतं. गाडी पुढे डांबरावर काढली, जळतं भुसकट मागे फरफटत आलं. बायकांनी ओली पोती टाकली, प्यायच्या पाण्याचा माठ ओतला, पुरुषांनी फावड्याने माती. पाच मिनिटांत सगळं विझलं. गाडीच्या खालचं प्लॅस्टिक वितळून लोंबत होतं. रास वाचली होती. नानांच्या कोपराला खरचटलं होतं, बाकी काही नाही.

गीताबाईने मला चांगलं झापलं. "इत्ती बड़ी गाड़ी, इत्ती पढ़ी-लिखी, और सूखे पे खड़ी कर दी? हमारे यहाँ बीड़ीवाले को भी खेत में आने नी देते." मी मान खाली घालून ऐकून घेतलं. नाना बाजेवर बसले होते. त्यांनी राशीतला एक दाणा उचलला, दाताखाली धरला, टचकन फोडला आणि म्हणाले, "अभी दो धूप और दो, फिर भरना." ती झापायचं थांबली आणि त्यांच्याकडे बघत राहिली.

मी त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसले. मी विचारलं, "नाना, दार का नाही उघडलंत? काच तरी वाजवायची!"

हे मी का विचारलं? मला तर माहीत होतं दार उघडणार नाही ते. मला वाटतं, त्यांना कळलं की नाही हेच मला पाहायचं होतं. जिवावरचं संकट गेलं होतं आणि मी माझी चोरी झाकली गेली का ते चाचपत होते. मला माझी शरम वाटते ती त्या आगीसाठी जितकी, त्याहून जास्त या प्रश्नासाठी.

"सुचलं नाही गं," नाना म्हणाले.

मला हायसं वाटलं. त्या संध्याकाळी सलीमभाईंकडे गाडी सोडण्याआधी मी दोन्ही खाचा परत फिरवल्या.

तेव्हापासून आमच्या गल्लीत मी गाड्यांची सल्लागार झाले आहे. कोणी नवी उंच गाडी आणली की मी पेढा तोंडात असतानाच सुरू होते. पुस्तिका वाचा. गावातल्या गावात फिरायचं असेल तर डिझेल घेऊ नका. नारिंगी दिव्याला घाबरू नका, पण त्याला अर्ध्यात सोडूही नका, आणि लांब पळालेली गाडी गवतावर, पाचोळ्यावर, भुसकटावर कधीच उभी करू नका. इंजिन चालू ठेवून कोणाला आत बसवून जाऊ नका. आग विझवायचं नळकांडं ड्रायव्हरच्या सीटखाली ठेवा, डिकीत सामानाखाली नव्हे. शेजारचे राठीजी म्हणतात, "भिया, पूजा के पहले मैडम का लेक्चर होता है." हसतात बापडे. हसू देत.

दारांच्या त्या खाचेबद्दल मात्र मी कोणालाच काही सांगत नव्हते.

परवा दिवा लागला तेव्हा सिग्नलवरच ठरवलं की आता टाळायचं नाही. काल रविवार होता. नाना म्हणाले, मीही येतो. मी म्हटलं, पुढे बसा. ते मागेच बसले, त्याच डाव्या बाजूला. हल्ली ते आणखी कमी बोलतात. मी सिग्नलला आरशातून सारखी त्यांच्या हातांकडे बघत होते. मग उज्जैन रोड, ताशी सत्तर, काटा स्थिर. दोन्ही बाजूंना तीच तपकिरी शेतं, तीच धूळ, बंद काचांतूनही येणारा तोच वास. तो गावरस्ता उजवीकडे आला आणि मागे गेला. नाना काही म्हणाले नाहीत. बाविसाव्या मिनिटाला दिवा विझला. मी आणखी थोडं अंतर गेले आणि एका ढाब्यासमोरच्या सिमेंटच्या अंगणात गाडी नेली, जिथे वाळलेली काडीही नव्हती. इंजिन बंद केलं.

"उतरायचं नाना? चहा घेऊ."

ते हलले नाहीत. मग म्हणाले, "गेल्या वर्षी तू विचारलं होतंस, दार का नाही उघडलं."

मी आरशात बघितलं. त्यांचे डोळे अगदी स्वच्छ होते. आज त्यांचं काहीच हरवलेलं नव्हतं.

"ते उघडत नाही, हे मला माहीत होतं. तू सकाळी खाली वाकून किल्ली फिरवत होतीस ना, मी गॅलरीत उभा होतो."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? दोनदा उघडलं होतंच ना मी. तू केलंस ते बरोबरच होतं."

"पण त्या दिवशी, नाना! धूर दिसला नाही का तुम्हाला?"

"दिसला. तुझ्या आधी दिसला." ते थोडा वेळ छत्रीच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिले. "तू पळत येत होतीस. तोंड माझ्याकडेच होतं. म्हटलं, आता मी मूठ ओढली आणि दार उघडलं नाही, तर हिला ते दिसेल. मी मेलो असतो तर तेवढंच दिसत राहिलं असतं तुला जन्मभर. म्हणून नाही ओढली."

मी स्टेअरिंगवर डोकं टेकवलं आणि रडले. ढाब्यावरचा माणूस बाहेर येऊन बघून आत गेला. नानांनी माझं रडणं होऊ दिलं. मग मागे खट्ट आवाज झाला, गरम हवा आत आली आणि भुसकटाचा वास. त्यांनी आपलं दार आपण उघडलं होतं. एक पाय जमिनीवर टेकून ते वाट बघत होते.

"ये," ते म्हणाले, "आता हात दे."